मदत हवी आहे: कुत्र्यासाठीचे मोदक, बिर्याणी आणि ‘बीअर’ द्यावी का?

मंडळी, प्रश्न वाचून हसाल, पण मी खरंच अडकले आहे.

आमचा ढोलू. गावठी, वय ९, वजन १२ किलो, मुक्काम ठाणे, कोलशेत. गेल्या दिवाळीत कुणीतरी (कोणी, ते आजवर कबूल झालेलं नाही) त्याला चकल्या आणि करंज्या चारल्या. दोन दिवस उलट्या, पाठीची कमान करून नुसता पडून. निदान निघालं पॅन्क्रिएटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. तीन दिवस सलाईन लावायला नेत होतो. तेव्हापासून डॉक्टरांची ताकीद आहे: तेलकट-तुपकट काही नाही.

आता गणपतीला नणंद नेरूळहून आली ती ‘ढोलूचा प्रसाद’ घेऊन. एक आख्खी पेटी. त्यात चार मोदक, इवल्याशा हंडीत बिर्याणी, एक बाटली ‘बीअर’ आणि तपकिरी बर्फीच्या वड्या. सगळं कुत्र्यांसाठीच बनवलेलं. मोदक इतका हुबेहूब की माझ्या मुलाने अर्धा खाऊन टाकला. “अळणी आहे” एवढंच त्याचं म्हणणं.

मी लेबलं वाचायला बसले आणि तिथेच घोळ झाला. बिर्याणीत तांदूळ, चिकन, गाजर, खोबरेल तेल आणि ‘स्पाइसेस’. कसले स्पाइसेस? हळद असेल तर ठीक. कांदा-लसणाची पावडर असेल तर? कांदा शिजवा, तळा, वाळवा, कुत्र्यासाठी तो वाईटच. रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ते लगेच कळतही नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी गडद होते. बर्फीवर ‘कोको’ लिहिलंय, पण इंग्रजीत शेवटचा ‘ए’ नाही. म्हणजे ही खोबऱ्याची पूड समजायची की छपाईची चूक झालेली चॉकलेटची, जी कुत्र्याला विषारी? मोदकात तांदळाची पिठी, खोबरं आणि पीनट बटर. त्या पीनट बटरमध्ये काय आहे ते कुठेच नाही.

वर ‘ह्यूमन ग्रेड’ (माणसांनी खाण्याजोगं) असा शिक्का आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना नंबर. नवरा म्हणतो, सरकारी नंबर आहे, मग काय बघायचंय?

पण माझी खरी काळजी सासूबाईंची आहे. आमच्याकडे एक नियम वर्षभरात महत्प्रयासाने रुळला होता: ताटातलं ते आपलं, वाडग्यातलं ते ढोलूचं. पेटी बघितल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, त्याच्यासाठी मोदक मिळतात म्हणजे मोदक चालतो की त्याला!” आणि दुसऱ्या दिवशी घरचा तळणीचा मोदक हातात घेऊन “ढोल्या, ये रे बाळा.” सारणात बेदाणे. मी हातातली आरतीची थाळी ठेवून धावले. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि त्यांना बोल तरी काय लावणार? त्या पेटीतला मोदक आणि नैवेद्याचा मोदक बशीत शेजारी ठेवले तर लांबून मलाही फरक कळेना.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना सोमवारपर्यंत बंद आहे. तोवर यातलं काही देण्यासारखं आहे का? लेबलवर नेमकं काय बघायचं? आणि नणंदेचं मन न दुखवता हे कसं सांगायचं?

सीवूड्सवाली (प्रतिसाद)

डॉक्टर नाही, दोन लॅब्रॅडॉर वाढवलेत, तेवढाच अधिकार. त्या १४ आकड्यांवर जाऊ नकोस. अन्नसुरक्षेचा २००६चा कायदा माणसांच्या अन्नाचा आहे, त्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य सरळ वगळलंय. बेकरीकडे माणसांच्या केकचा परवाना असू शकतो, म्हणून तो मोदक कुत्र्याला मानवेल असं होत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस ११९६८. पेटीतलं खाणं त्यात बसतं का, ते बनवणाऱ्यांना विचार. आणि ‘ह्यूमन ग्रेड’ कांदासुद्धा असतो!

पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का, हे आधी विचार. बर्च शुगर किंवा ई९६७ नावानेही लिहितात. कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात घसरू शकते, जास्त गेलं तर यकृत जातं. झायलिटॉल असेल तर मोदकाचा तुकडासुद्धा नको.

तलावपाळी

झायलिटॉल नसलं तरी ढोलूला मोदक नकोच. हिशेब करा. १२ किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात, म्हाताऱ्याला त्याहून कमी. वरखाऊ त्याच्या दहा टक्के, म्हणजे ७०. एक टेबलस्पून पीनट बटरच ९५च्या आसपास, आणि त्याचं निम्मं वजन फॅट. निरोगी कुत्रा एखाद्या वेळी पचवेल, तुमच्याकडे आधीच एकदा होऊन गेलंय.

ओल्या खाण्याच्या लेबलवर फॅट ५ टक्के दिसलं की लोक खूश होतात. त्यात ७५ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २५ भागांत ५, म्हणजे कोरड्या वजनावर २० टक्के. तुमच्या हंडीवर तर टक्केवारीच दिसत नाही, वर खोबरेल तेल.

मांजरप्रेमी_काका

बीअरचं कुणी बोललंच नाही! बहुतेक वेळा नुसतं चिकन किंवा हाडांचं पाणी असतं. त्यात हॉप्स (खऱ्या बीअरला कडवटपणा देणारी फुलं) नाहीत एवढी खात्री करा, त्याने कुत्र्याचा ताप भयंकर चढतो. सूपमध्ये कांदाही विचारा. (आमच्या बोक्याला वाढदिवसाला केक आणला होता. त्याने खोक्यात बसणं पसंत केलं.)

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बनवणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केला, बाई चांगल्या बोलल्या. स्पाइसेस म्हणजे हळद, दालचिनी आणि “चवीपुरती” लसूण पावडर. बिर्याणी गेली. मोदकात झायलिटॉल नाही, पण तलावपाळींचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, त्यानेच ते खालच्या मजल्यावरच्या धष्टपुष्ट रॉकीला दिले, अर्थात त्याच्या घरच्यांना विचारून. बीअर म्हणजे चरबी काढलेलं चिकनचं पाणी, कांदा नाही, हॉप्स नाहीत. डॉक्टरांना विचारून सोमवारी दोन चमचे देऊन बघेन.

नणंदेला फोनवर खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “मग मी त्याला पट्टा आणायला हवा होता.” सासूबाईंनी सारणातून बेदाणेच काढून टाकलेत, आता मुलगा कुरकुरतोय.

बर्फीतल्या ‘कोको’चं उत्तर अजून आलेलं नाही. ती वरच्या कपाटात आहे, ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून. चिठ्ठी मुलासाठी आहे.