अनुभव धागा: कुंडीतल्या निवडुंगाची दुखणी

धागाकर्ती, वर्तकनगर
दोन वर्षं सांभाळलेला मॅमिलेरिया (गोल, बुटका निवडुंग) ऑगस्टमध्ये गेला. वरून ठणठणीत, काटे टवटवीत. कुंडी फिरवायला गेले तर अख्खा गोळा अलगद हातात आला. खाली मुळं नाहीत, तपकिरी लगदा आणि कुबट वास. 'अर्धा कपच तर घालतेय' म्हणत दर रविवारी पाणी देत होते. पावसाळ्यात आपल्याकडे कुंडीतली माती वाळतच नाही, हे डोक्यातच आलं नाही. तुमचे कशाने गेले, कशाने वाचले?

नेरुळ
मऊ पडला म्हणून लगेच टाकू नका. माझा सेरियस, म्हणजे उभा खांबासारखा निवडुंग, बुडापासून कुजत आला होता. सुरी स्पिरिटने पुसून चकत्या काढत वर गेले. मधोमध तपकिरी ठिपका दिसतोय तोवर कापायचं, दर कापाला सुरी पुसायची. चौथ्या चकतीला स्वच्छ गर लागला, उरला वीतभर. दहा दिवस सावलीत नुसता आडवा ठेवला. जखम चामड्यासारखी सुकल्यावर कोरड्या, वाळू-विटकरीच्या मातीत टेकवला. सव्वा महिन्याने मूळ धरलं. तोवर घरच्यांनी त्याचं तेरावं उरकलं होतं.

ऐरोली
मी तर पाणी घालतच नव्हतो, तरी भर मे महिन्यात कुजला! वरच्या मजल्याच्या एसीचा पाइप रात्रभर नेमका त्याच कुंडीत टपकत होता.

घणसोली
पिठ्या ढेकूण. काट्यांच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखे दिसतात. कान साफ करायच्या काडीने 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, गेले. पंधरा दिवसांत परत हजर. असं तीनदा झालं. शेवटी कुंडी उपडी केली तर मुळांवरही तीच पांढरी पूड. मुळं धुतली, वाळवली, माती फेकली, तेव्हा सुटका झाली.

कळवा
माझ्या फड्या निवडुंगावरही कापूस होता, पण चिरडला तर बोट कुंकवासारखं लाल! तो कोचिनियल किडा. याच रंगाच्या हव्यासाने ईस्ट इंडिया कंपनीने 1795 मध्ये तो भारतात आणवला, पण जात भलतीच निघाली. रंग यथातथाच, निवडुंगाचा मात्र फडशा. वर मेणाचं कवच असतं, नुसती फवारणी ओघळून जाते. जुन्या टूथब्रशने घासून काढा.

वाशी
आमचा चेंडू उजेडाअभावी पडवळ झाला. दया येऊन एकदम गच्चीत नेला, मे महिन्यात. दोन दिवसांत पश्चिमेची बाजू पांढरी करपली. तो डाग आता कायमचा. आठवडाभर सकाळचंच ऊन दाखवून मग बाहेर काढायला हवा होता.

घोडबंदर रोड
लाल टोपीवाला घेऊ नका, किंवा घेतलात तर आयुष्याची अपेक्षा ठेवू नका. ते कलम असतं. लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या हिरव्या दांड्यावर जगतो. माझा दांडा पहिल्याच पावसात पिवळा पडला.

धागाकर्ती
माझ्या दुसऱ्या निवडुंगाला बुडाशी तपकिरी साल आलीय. कापू का?

नेरुळ
थांबा! दाबून बघा. लाकडासारखं कडक असेल तर नुसतं वय झालंय. मऊ असेल तर सुरी.

धागाकर्ती
कडक आहे. बोटात बारीक कुसळं घुसलीत, आता चिकटपट्टी शोधतेय.