कोबोलनंतर जावा शिकताना

प्रश्न: मुंबईतील एका बँकेच्या प्रणालीवर २० वर्षे कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिल्यानंतर मी आता जावा ही भाषा शिकत आहे, वाक्यरचना लवकर समजली, परंतु माझे क्लास (माहिती आणि तिच्यावरील कामे एकत्र ठेवणारे कोडचे घटक) अजूनही जुन्या प्रोग्रॅमसारखेच दिसतात. काय चुकत असावे?

उत्तर १: बहुधा आपण माहिती एका क्लासमध्ये आणि हिशेब दुसऱ्यात ठेवत असाल. खात्याकडून शिल्लक मागवून तिच्यातून रक्कम बाहेर वजा करण्याऐवजी रक्कम काढण्याचे काम खात्यालाच सांगावे, म्हणजे शिल्लक अपुरी असल्यास नकार देण्याची जबाबदारीही त्याचीच राहते.

उत्तर २: सहमत. मात्र इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास बनवून त्याचे गुण घेण्याचा, मोह टाळावा (सिम्युला ६७ या भाषेपासूनचा तो जुना मोह आहे). व्याजाचा प्रत्येक नियम इंटरफेसमागे (कोणती कामे करता येतात एवढेच सांगणाऱ्या करारामागे) स्वतंत्र ठेवल्यास बदल सोपे जातात.

प्रश्नकर्ता: पटले. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर आजच खात्याचा क्लास नव्याने लिहितो.