मदत हवी आहे: भाऊ तुरुंगातून सुटतोय, चर्चकडून काय मदत मिळू शकते?

निशिगंध
भाऊ पुढच्या महिन्यात सुटतोय. चर्चच्या ओळखीने काम किंवा खोली मिळते का? आमच्या फादरांना भेटले, तर म्हणाले प्रार्थना करतो, तो आला की बघू. तो येईपर्यंत थांबायचं कसं? वहिनी आणि दोन मुलं आत्ताच अडचणीत आहेत. घरमालकाला कुठून तरी कळलंय, खोली रिकामी करा म्हणून मागे लागलाय. कृपया लवकर सांगा.

माळरान
कुठला तुरुंग? गाव कुठलं? जामिनावर सुटतोय, निर्दोष सुटलाय की शिक्षा भोगून? जामीन असेल तर पोलीस ठाण्यात हजेरी वगैरे अटी असतात, त्या बघूनच काम शोधावं लागेल. आणि चर्च कॅथलिक का?

निशिगंध
वसई, कॅथलिक. नाशिकरोड. शिक्षा पूर्ण झाली.

गोखिवरेकर
मग प्रिझन मिनिस्ट्री इंडियाच्या, म्हणजे कैद्यांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक गटाच्या लोकांना गाठा. 1981 साली केरळात सुरू झालेलं काम आहे, आता कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या छत्राखाली देशभर चालतं. धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारलंत की स्थानिक गट कळेल. मी स्वतः त्यांच्याबरोबर तुरुंगात जातो. सुटण्याआधीच भेट झालेली बरी, बाहेर पडलेला माणूस लाजेने कुणाकडे जात नाही.

उंबरठा
चर्चच कशाला? टाटा समाज विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून हेच काम करतोय, तेही प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांकडून. प्रार्थनेच्या नावाखाली धर्मांतर नको.

गोखिवरेकर
ताई मुळात कॅथलिकच आहेत, धर्मांतर कुणाचं करणार? आणि आत आम्ही कुणाला धर्म विचारत नाही. 'प्रयास' चांगलंच आहे, त्यांनाही फोन करा. पण रात्री मूल तापलं तर शेजारचा पॅरिशवालाच, म्हणजे आपल्याच चर्चचा माणूस, धावून येतो.

क्रूसवाडी
पोप फ्रान्सिस यांनी 26 डिसेंबर 2024 रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात जुबिली वर्षाचं पवित्र द्वार उघडलं होतं. आपल्याकडच्या किती फादरांनी त्यावर प्रवचन दिलं?

माळरान
विषयावर या. ताई, भाऊ आधी काय काम करायचा?

निशिगंध
ड्रायव्हर. टेम्पो चालवायचा. लायसन्सची मुदत आत असतानाच संपली, तीनेक वर्षं झाली.

माळरान
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! मुदत संपून वर्षावर काळ गेला असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. म्हणजे आल्या आल्या गाडीवर बसता येणार नाही. तोवरच्या खर्चाचं आधी ठरवा.

परदेशवारी
पासपोर्टचंही बघून ठेवा, शिक्षा झालेल्यांना अडचण येते. आखाती देशात जायचं असेल तर...

निशिगंध
त्याला कुठेही जायचं नाहीये. घरी यायचंय.

वाडीतली_बाय
निशिगंध, माझा नवरा असाच सुटून आला. फादरांकडे 'मदत करा' असं मोघम बोलू नकोस, एकेक गोष्ट माग. आमच्या पॅरिशच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची (चर्चमधला गरजूंना मदत करणारा गट) दोन माणसं घरी येऊन चौकशी करून गेली, मग किराणा सुरू झाला आणि शाळेची फी भरली गेली. त्यासाठी भावाच्या सुटकेची वाट बघायची गरज नाही, आजच वहिनीला घेऊन जा. त्यातलेच एक काका घरमालकाशी बोलले, भाड्याची हमी घेतली. पैशापेक्षा त्या हमीने आमची खोली टिकली.

कागदपत्रांकडेही बघ. ह्यांचा मोबाईल नंबर बंद पडला होता, त्यामुळे ओटीपी येईना आणि बँकेचं खातं अडकलं. रेशनकार्डावरचं नाव तपास. कारागृहातल्या कामाची मजुरी शिल्लक असेल, ती आणि सुटकेचा दाखला घेऊनच त्याला बाहेर पडायला सांग.

आणि एक. सुरुवातीला हे घराची कडी स्वतः काढायचे नाहीत, कुणीतरी उघडेल म्हणून दाराशी उभे राहायचे. पोरं घाबरली. मुलांना आधी सांगून ठेव, बाबांना थोडे दिवस असं होईल म्हणून.

उंबरठा
मुलांसाठी बालसंगोपन योजनाही आहे, पालक तुरुंगात असले तर दरमहा 2250 रुपये. चर्चवर सगळा भार नको.

माळरान
अहो, तो सुटतोय! अर्ज मंजूर होईपर्यंत बाहेर आलेला असेल.

निशिगंध
बाय, तुमचं वाचून वहिनी रडली. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) सोसायटीच्या लोकांना दोघी भेटतो, आधी घरमालकाचं बोलतो. गोखिवरेकर, नाशिकरोडला तुमच्या गटातलं कुणी सुटकेआधी भावाला भेटेल का? व्यक्तिगत निरोप पाठवलाय.