शेळ्यांची टीबीची तपासणी कशी आणि कुठं होते?

माणदेशातली_शेळीपालक
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातली. ३८ उस्मानाबादी शेळ्या, दोन बोकड आणि सासऱ्यांच्या थोड्या माडग्याळ मेंढ्या, सगळं एकाच शेडात. दिवाळीपासून एक जुनी शेळी खंगत चालली होती. चारा खायची, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला, आणि चढ लागला की ठसकायची. जंताचं औषध दिलं, अँटिबायोटिक झालं, फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात मेली. पुरायच्या आधी दिरांनी छाती फाडून बघितली, तर फुफ्फुसात हरभऱ्याएवढ्या पिवळट गाठी. कापताना सुरी करकरली, आत चुन्यासारखं. आता तिच्याशेजारी बांधलेली पाट, म्हणजे तरणी शेळी, खोकायला लागली आहे.

ओळखीचा व्यापारी म्हणतो, हा टीबीच, बोभाटा व्हायच्या आत सगळा माल बाजारात काढा. सासऱ्यांना मागच्या वर्षी टीबी होऊन गेला, गोळ्या पूर्ण केल्या. आणि माझा धाकटा सव्वा वर्षाचा, त्याला शेळीचंच दूध, तेही धारोष्ण. जीव थाऱ्यावर नाही. शेळीची टीबीची तपासणी होते का? रक्तावर होते का?

बंदिस्त_शेळीपालन_बारामती
ताई, प्रत्येक गाठ टीबीची नसते. आमच्याकडं कानाखाली, खांद्याच्या पुढं लिंबाएवढ्या गाठी यायच्या, फुटल्या की हिरवट-पांढरा घट्ट पू. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, तर कोरिनीबॅक्टेरियम निघाला, म्हणजे टीबीचा नव्हे, वेगळाच जंतू. या गाठी आत फुफ्फुसातही होतात म्हणे. नुसतं बघून कुणी सांगत असेल तर त्यावर कळप मोडू नका.

पशुवैद्यक_सातारा
ताई, पहिली गोष्ट, आज संध्याकाळपासून बाळाला कच्चं दूध बंद. चांगली उकळी फुटू द्या, मग द्या. टीबीचे जंतू उकळीत मरतात. ‘उकळलं की ताकद जाते’ हे घरातल्यांना कितीही पटलेलं असू दे, या एका बाबतीत कुणाचं ऐकू नका. बाळाला डॉक्टरांना दाखवा आणि शेळ्यांचं सगळं सांगा. दुधातून झालेला टीबी बऱ्याचदा मानेच्या गाठींत किंवा पोटात असतो, खोकला नसतोही. शिवाय गुरांकडून येणाऱ्या बोव्हिस जंतूवर पायराझिनामाइड ही नेहमीची गोळी चालत नाही, म्हणून डॉक्टरांना जनावरांचं माहीत असलेलं बरं. सासऱ्यांचीही थुंकी पुन्हा तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. माणसाकडून जनावराला टीबी होतो, हेही ध्यानात असू द्या.

आता तपासणी. होते, आणि मुख्य ती कातडीवरची, रक्तावरची नव्हे. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी कॅलिपरनं मोजून लिहून ठेवायची आणि कातडीच्या आतच ०.१ मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून बनवलेलं तपासणीचं औषध) टोचायचं. नीट टोचलं तर बोटाला मसुराएवढा फुगवटा लागतो. तो लागला नाही तर औषध खाली उतरलं, ती सुई वाया. बरोबर ७२ तासांनी तीच घडी पुन्हा मोजायची. सोमवारी सकाळी टोचलं तर गुरुवारी सकाळी.

तुमच्या डॉक्टरांना दोन ठिकाणी टोचायचा आग्रह करा: एका जागी बोव्हाइन (गुरांच्या टीबीच्या जंतूचं) ट्युबरक्युलिन, दुसऱ्या जागी एव्हियन (पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूचं). कारण शेळ्यांत जोन्स हा आतड्याचा जुनाट रोग आपल्याकडं आढळतो. त्याचा जंतू टीबीच्या जंतूच्या नात्यातला, त्यामुळं जोन्सवाली शेळीही एका सुईवर टीबीची भासते. दोन्ही सुजा शेजारीशेजारी मोजल्या की उलगडतं. बोव्हाइनची सूज एव्हियनपेक्षा ४ मिमीहून जास्त असेल तर जनावर बाधित धरायचं. हा दंडक मूळचा गाईगुरांचा, शेळ्यांनाही साधारण तोच लावतात.

शंका राहिली तरी लगेच परत टोचू नका, किमान ४२ दिवस जाऊ द्या, नाहीतर कातडी दाद देत नाही. स्टेरॉइड दिलेल्या आणि फारच खंगलेल्या जनावरातही सूज येत नाही. म्हणून अगदी हाडाला चिकटलेली शेळी निगेटिव्ह आली तरी तिला सोडून देऊ नका.

पुढं एखादी दगावली तर घरी फाडू नका, श्वासातून तुम्हालाच धोका. दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा. गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि एक तसाच बर्फात, दोन्ही हवेत. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाही. नमुने दवाखान्यामार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातात. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला त्याहून जवळ.

जनावर_खरेदी_विक्री
डॉक्टर, तुमचं बरोबर असेल, पण या सगळ्यात महिना-दीड महिना जाणार. गरिबानं तोवर काय करायचं? माल आहे तोवर विकलेला बरा.

पशुवैद्यक_सातारा
दादा, तो माल उद्या दुसऱ्या गरिबाच्याच दावणीला जाणार, आणि त्याच्या घरातही लेकरं दूध पिणार. खोकणारं जनावर बाजारात नेऊ नये, याला दुसरी बाजू नाही. सगळा कळप बाधित असतो असंही नाही. तपासून बाधित तेवढी कळपातून बाजूला काढली तर बाकीचा कळप वाचतो.

माणदेशातली_शेळीपालक
डॉक्टर, आभारी आहे. खोकणारी पाट गाभण आहे, दहा-पंधरा दिवसांत विणार. तिला टोचलं तर चालेल? आणि मेंढ्यांनाही करायचं का?

पशुवैद्यक_सातारा
टोचल्यानं तिला त्रास नाही, पण विण्याच्या आगेमागे सूज दबते, निकाल फसवा येतो. ती व्याल्यावर काही आठवड्यांनी करा, बाकीच्यांचं थांबवू नका. तोवर तिला वेगळी बांधा, पाण्याचं भांडं आणि गव्हाणही वेगळी. करडू जन्मलं की तिला चाटू देऊ नका, दुसऱ्या शेळीचं उकळून कोमट केलेलं दूध बाटलीनं पाजा. मेंढ्यांत टीबी शेळ्यांपेक्षा कमी दिसतो, पण एका छपराखाली असल्यानं त्यांनाही टोचाच. बाधित निघालेल्यांवर उपचार करत बसू नका. महिनोन्‌महिने औषध लागतं आणि तोवर ती जंतू पसरवत राहतात.

माणदेशातली_शेळीपालक
दवाखान्यात बोलले. ट्युबरक्युलिन मागवावं लागेल म्हणाले, आलं की फोन करणार आहेत. पाट मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवली. बाळाला उद्या तालुक्याला नेते, सासरेही बरोबर येतायत. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं.