एकट्याने खेळायच्या गेमला सतत नेट कशाला?

वेंगुर्ला_बंदर
आताच्या गेममधल्या तीन गोष्टी फार डोक्यात जातात. एकट्याने खेळायचा गेम असूनही नेट तुटलं की मुख्य मेनूवर परत. आकार शंभर जीबीच्या वर. आणि हवं तिथे सेव्ह नाही, पुढच्या चेकपॉइंटपर्यंत रेटायचं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट आणि टॉवरचा नेम नाही, म्हणून तिन्ही एकदम बसतात. विकत घेण्याआधी हे ओळखायचं कसं, आणि घेतलेल्या गेमचं काय करायचं? पीसी, गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला २ जीबी.

दाभोळ_खाडी
नेटची ही सक्ती बऱ्याचदा गरजेपोटी नसते. २०१३ च्या सिमसिटीला नेट लागणारच, कारण शहराचा हिशेब सर्व्हरवर चालतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. मार्च २०१४ मध्ये त्याच गेमला ऑफलाइन मोड आला. द क्रू हा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सुरूच होईना. हे मला अजिबात पटत नाही. विकलेली वस्तू अशी मागे घेता येऊ नये.

घेण्याआधी स्टोअरच्या पानावर उजव्या बाजूला बघा. वेगळ्या कंपनीचं अकाउंट किंवा डीआरएम (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) लागत असेल तर तिथे लिहिलेलं असतं. डेनुवो नावाचं डीआरएम असेल तर निदान पहिल्यांदा नेट लागतंच. घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत हॉटस्पॉट बंद करून गेम चालतो का ते तपासा. परतावा १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच मिळतो. काही गेम स्वतःच्या लाँचरमधून (गेम सुरू करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममधून) उरलेला डेटा उतरवतात, तो वेळही या २ तासांत धरला जातो. हळू नेटवर तिथेच फसगत होते.

ऑफलाइन जाण्याआधी अपडेट पूर्ण होऊ द्या, गेम एकदा ऑनलाइन चालवा, मगच स्टीमच्या मेनूतून ‘गो ऑफलाइन’. अर्धवट अपडेट असलेला गेम ऑफलाइन उघडत नाही.

हर्णै_दीपगृह
आकाराचा हिशेब सोपा आहे: १०० जीबी, रोज २ जीबी, म्हणजे ५० दिवस. तोवर दोन अपडेट येऊन जातात.

यातलं किती खरंच लागतं? हेलडायव्हर्स २ पीसीवर दीडशे जीबीच्या आसपास होता. जुन्या हार्ड डिस्कचं हेड (डेटा वाचणारा भाग) इकडेतिकडे फिरू नये म्हणून एकच डेटा अनेक ठिकाणी ठेवला होता. त्या प्रती काढल्यावर तो २३ जीबीवर आला. टायटनफॉलमध्ये ४८ पैकी ३५ जीबी नुसता कॉम्प्रेस न केलेला आवाज होता, प्रोसेसरवर भार नको म्हणून. कारणं होती, पण भुर्दंड खेळणाऱ्याच्या डेटा पॅकवर.

अपडेटचंही तसंच. स्टीम फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे करून फक्त बदललेले तुकडे पाठवतं. अनेक फाइल एकत्र बांधलेल्या मोठ्या पॅक फाइलमधला क्रम बदलला की छोट्या दुरुस्तीसाठीही कित्येक जीबी येतात.

उपाय: ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्या पीसीवरून ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरमधून गेमचं फोल्डर उचला, तुमच्याकडे त्याच जागी ठेवा आणि मग इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाइल तपासून स्टीम फक्त उरलेलं उतरवतं. गेम तुमच्या अकाउंटवर घेतलेला हवाच. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

मिऱ्या_डोंगर
सेव्हबद्दल. ऑटोसेव्ह लिहिला जात असतानाच लाईट गेली तर फाइल अर्धी राहते. नीट बनवलेला गेम आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, मग नाव बदलतो, शिवाय मागचे दोन-तीन सेव्ह राखतो. एकच जागा देऊन तीवरच परत परत लिहिणारे गेम सगळ्यात धोक्याचे.

बाजारातला ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसवर लिहिलेली क्षमता) यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ग्राफिक्स कार्डच २०० वॅट खात असेल तर मॉनिटर धरून तो काठावर येतो, १००० व्हीए घ्या. मिळणारी मिनिटं सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरतीच. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट जाऊन बॅटरीवर येईपर्यंत जो वेळ जातो त्यात पीसी रीस्टार्ट होतो.

वेंगुर्ला_बंदर
धन्यवाद मंडळी. ऑफलाइन खेळून परत ऑनलाइन आलं की स्टीम क्लाउडचं (स्टीमच्या सर्व्हरवरचं) सेव्ह ठेवू की पीसीवरचं, असं विचारतं. काय निवडायचं?

मिऱ्या_डोंगर
तारीख आणि वेळ बघून नवीन असेल ते. ऑफलाइन खेळला असाल तर बहुतेक पीसीवरचं. पण बटण दाबण्याआधी सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ते सहसा डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा अ‍ॅपडेटामध्ये सापडतं. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, आधी ‘हिडन आयटम्स’वर टिक करा.