अनुभव धागा : टॉरेंटचा वेग कंपनीने मुद्दाम कमी करावा का?

मंडळी, हा धागा मुद्दाम इंदूरकरांसाठी काढत आहे. आपल्या घरी, कचेरीत किंवा वसतिगृहात टॉरेंटचा, म्हणजे फाइल एकमेकांना थेट वाटण्याचा, वेग इंटरनेट कंपनीने कमी केल्याचा अनुभव आला असेल, किंवा तो कमी केला हे बरेच झाले असे वाटले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. कंपनीचे नाव घेऊ नये. सुरुवात मी करतो.

रामबागेतील आमच्या वाड्यात गणेशोत्सवाचे कार्यक्रम होत असत आणि वडील ते टेपवर ध्वनिमुद्रित करीत. त्या ९० मिनिटांच्या साठ कॅसेट मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवल्या. आवाज कॉम्प्रेस न करता, म्हणजे फाइल लहान न करता, ठेवल्यामुळे सगळे मिळून सुमारे ५७ जीबी झाले. ते वडोदरा, ग्वाल्हेर आणि पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचे होते. टॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने पुढच्याला द्यायचा असतो. म्हणजे मी प्रत्येक तुकडा एकदा पाठवला तरी बाकीचे चौघे आपापसात वाटून घेतात. पाच जणांना पाच वेळा पाठवण्याची गरज राहत नाही. घरी ५० एमबीपीएसचे फायबर आहे, अपलोडही तितकाच आहे, त्यामुळे रात्रभरात काम होईल असे वाटले होते.

संध्याकाळी सातनंतर अपलोडचा आकडा सेकंदाला ४० केबीवर येऊन खिळला. हिशेब केला तर या गतीने सोळा दिवस लागणार होते. त्याच क्षणी वेग तपासला तर ४८ एमबीपीएस दिसत होता, आणि त्यातलीच एक फाइल ऑनलाइन ड्राइव्हवर चढवली तर ती भरभर चढली. तीच वायर, तोच राउटर, तीच फाइल. शेवटी टॉरेंट-प्रोग्राममध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे आत काय आहे हे बाहेरून वाचता येऊ नये अशी कुलूपबंद पद्धत, सक्तीचे केले आणि दोन मिनिटांत आकडा सेकंदाला ३ एमबीवर गेला. लाइन भरली असती तर माहितीचे पाकीट बंद केल्याने ती रिकामी झाली नसती. पाकीट उघडून पाहूनच कोणीतरी ते बाजूला ठेवत होते. तक्रार केली तेव्हा राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, असा सल्ला मिळाला. तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तोच.

मला राग आला तो वेग कमी झाल्याचा नाही. गर्दी असेल तर थांबायला मी तयार आहे. पण काय केले जात आहे हे ग्राहकाला सांगायचे नाही आणि वर दोष त्याच्याच राउटरवर ढकलायचा, हे मला मान्य नाही.

सुदामा नगर, केबल व इंटरनेटचा व्यवसाय

दादा, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चारशे घरांची जोडणी होती आणि वरून घेतलेली लाइन २०० एमबीपीएसची होती. यात फसवणूक नव्हती. सगळे ग्राहक एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत या भरवशावरच हा धंदा उभा आहे, आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही घरगुती ब्रॉडबँडसाठी एका जोडणीमागे पन्नास ग्राहकांपर्यंतचे प्रमाण धरलेले होते. पण रात्री साडेआठ वाजता आमच्या आलेखाची रेघ वर चढून छताला लागल्यासारखी सपाट व्हायची आणि अकरापर्यंत खाली येत नसे. तपासले तेव्हा दहा-बारा घरे निम्मी लाइन घेत होती आणि ती सगळी टॉरेंट चालवणारी होती. फोन मात्र बाकीच्यांचे येत. म्हणून मी मायक्रोटिक राउटरमध्ये टॉरेंट ओळखून दाबण्याचा नियम लावला. मी हे केले आहे, ते नाकारत नाही.

दोन महिन्यांत त्याची फळे दिसली. मुलांनी एन्क्रिप्शन लावले, मग मी ओळखू न येणारी सगळीच वाहतूक दाबू लागलो, आणि त्यात घरून काम करणाऱ्या एका ताईंचे व्हीपीएन, म्हणजे कचेरीशी जोडणारी बंदिस्त वाट, सापडले. त्या स्वतः दुकानात आल्या आणि लॅपटॉप उघडून समोर ठेवला. त्यांच्या तुटणाऱ्या जोडणीकडे पाहताना मला कळले की मी चुकीच्या गोष्टीला हात घातला आहे.

खरी अडचण अशी होती की गर्दीत लाइन प्रोग्रामने उघडलेल्या जोडण्यांच्या संख्येप्रमाणे वाटली जात होती. ब्राउझर पाच-दहा जोडण्या उघडतो, टॉरेंट पन्नास-शंभर उघडतो, त्यामुळे एकच घर दहा जणांचे ताट घेऊन पंगतीला बसते. मी नियम बदलला आणि वाटणी जोडणीप्रमाणे न करता ग्राहकाप्रमाणे केली. गर्दी असेल तेव्हा प्रत्येक घराला सारखा वाटा. त्या वाट्यात कोणी टॉरेंट चालवा, कोणी सिनेमा पाहा, मी आत डोकावत नाही. गर्दी नसेल तेव्हा रोक नाही. त्यानंतर रात्रीचे फोन कमी झाले. अर्थात पुढच्या वर्षी लाइनही वाढवावी लागली, कारण वाटणी कितीही न्याय्य केली तरी तोटी मोठी होत नाही.

टिळक नगर, शिक्षिका

कंपनीने वेग कमी करावा, याच मताची मी होते. २०२० मध्ये मी घरून वर्ग घेत असताना माझा आवाज मुलांना तुटक ऐकू येई. आमची लाइन जुनी, तांब्याच्या तारेची. खाली येण्याचा वेग ८ एमबीपीएस आणि वर जाण्याचा जेमतेम पाऊण. कंपनीचा माणूस म्हणाला की परिसरात कोणीतरी टॉरेंट चालवत असणार. ते कोणीतरी आमच्याच घरात निघाले. मुलाने एक ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतली होती आणि ती इतरांना देणे चालूच ठेवले होते. वर जाणारी वाट पूर्ण भरली की पोच देणारी छोटी पाकिटेही रांगेत अडकतात आणि मग खाली येणारेही खोळंबते, हे त्याने मला वहीत आकृती काढून समजावले. अपलोडला सेकंदाला २० केबीची मर्यादा घातली आणि त्याच दुपारी माझा वर्ग सुरळीत झाला. कंपनीने त्याचे टॉरेंट गुपचूप दाबले असते तर आम्हा दोघांनाही काही कळले नसते. मला ते शिकायला मिळाले याचे समाधान आहे.

भंवरकुआँ, विद्यार्थी

वरील ताईंच्या अनुभवात थोडी भर घालतो. आता बरेच टॉरेंट-प्रोग्राम लाइनवर विलंब वाढू लागला की आपण होऊन मागे सरतात. ती पद्धत २०१२ च्या डिसेंबरात आरएफसी ६८१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली आहे. आमच्या वसतिगृहात मात्र टॉरेंट सरसकट बंद आहे, आणि डेबियन ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उतरवायला मी मित्राच्या खोलीवर जातो.

स्नेहलतागंज, हौशी नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते

मला येथे थोडे वेगळे बोलायचे आहे. आमच्या एका प्रयोगाचे चित्रीकरण परवानगीवाचून बाहेर गेले आणि पुढच्या प्रयोगाची तिकिटे पडून राहिली. त्या दिवसांत कोणी विचारले असते तर टॉरेंट पार बंद करा, असेच मी सांगितले असते. नंतर माग काढला तेव्हा ती चित्रफीत व्हॉट्सअॅपवरून फिरल्याचे समोर आले. चोरी रोखलीच पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे. पण २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळे बंद केली होती आणि मद्रास उच्च न्यायालयाला जूनमध्ये खुलासा करावा लागला होता की आदेश केवळ विशिष्ट पत्त्यांपुरता आहे. कोणती फाइल चोरीची, हे ठरवणे लाइन देणाऱ्याचे काम नव्हे.

मनोरमागंज, निवृत्त वकील

२०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरील सर्व वाहतुकीला समान वागणूक मिळावी म्हणून, ट्रायला ईमेल पाठवणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांत मी होतो, तेव्हा या विषयाचे मला अगत्य आहे. अमेरिकेत २००७ साली कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीवर हाच आरोप झाला होता. दोन संगणकांमध्ये टॉरेंट चालू असताना ही कंपनी मध्येच संवाद संपल्याची बनावट पाकिटे पाठवत असे, म्हणजे प्रत्येकाला वाटे की समोरच्यानेच फोन ठेवला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची प्रत पाठवून हे पडताळले. तेथील दळणवळण आयोगाने २००८ मध्ये कंपनीविरुद्ध आदेश दिला, पण २०१० मध्ये न्यायालयाने आयोगाला तो अधिकार नसल्याचे सांगून तो रद्द केला.

आपल्याकडची स्थिती कागदावर अधिक चांगली आहे. ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेल्या शिफारशी दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या. त्यांत मजकूर अडवणे, त्याचा दर्जा घटवणे किंवा वेग कमी करणे या तिन्ही गोष्टींना भेदभाव म्हटले आहे. वाहतुकीचे वाजवी नियोजन करता येते, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असले पाहिजे. दररोज सातनंतर एकाच प्रकारची वाहतूक गुपचूप दाबणे या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. डेटाची ठरलेली मर्यादा संपल्यानंतर वेग कमी करणे ही वेगळी बाब आहे. ते कराराच्या अटींत लिहिलेले असते आणि त्यालाही ऑक्टोबर २०१६ पासून किमान ५१२ केबीपीएसचे बंधन आले.

धागाकर्त्यांनी फोनवर तक्रार करणे सोडावे. कंपनीला लेखी विचारावे की माझ्या जोडणीवर वाहतूक-नियोजनाचा कोणता नियम लावला आहे, किती वाजता आणि कशासाठी. सोबत तारीखवार आकडे जोडावेत.

धागाकर्ता

वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे नऊ संध्याकाळी, एन्क्रिप्शनसह आणि त्याविना, आकडे टिपून पत्र दिले. तक्रार क्रमांक मिळाला. बाराव्या दिवशी एन्क्रिप्शनविनाही वेग पूर्ववत झाला, पण माझ्या तीन प्रश्नांचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून आज अपील दाखल केले आहे. कॅसेट वडोदऱ्यास पोहोचल्या; काकूंनी पहिल्याच टेपमध्ये वडिलांची प्रस्तावना ऐकल्याचे कळवले. अपिलाचे जे होईल ते येथेच लिहीन.