कार्पेटवर घातलेला गालिचा सारखा सरकतोय, काय करू?

उंबरठा:
भाड्याच्या घरात खोलीभर राखाडी कार्पेट आहे. घरमालकाचं असल्यामुळे काढता येत नाही. खोली फार उदास वाटायची, म्हणून आईचा जुना लाल सुती गालिचा सोफ्यापुढे अंथरला. पाच बाय सात फूट, सतरंजीसारखी सपाट वीण. खोली एकदम आपली वाटायला लागली. पण चार दिवसांत तो वीतभर खिडकीकडे सरकतो आणि मधोमध सुरकुती उभी राहते. परवा बाबांची काठी तिच्यात अडकली. पडले नाहीत, पण मी फार घाबरले. फरशीसाठीची रबरी जाळी खाली घालून पाहिली, काही फरक नाही. गालिचा गुंडाळून ठेवायचा का? मला तो रोज दिसायला हवा आहे.

धागादोरा:
खालच्या कार्पेटवर हात फिरवून बघा. एका दिशेने मऊ लागेल, उलट्या दिशेने खरखरीत. लव जिकडे झुकलेली असते, तिकडेच प्रत्येक पावलागणिक वरचा गालिचा ढकलला जातो. तुमच्याकडे ती खिडकीकडे झुकलेली असणार. रबरी जाळी कडक, गुळगुळीत जमिनीला धरते. लवेवर तिला पकड मिळत नाही.

कार्पेटवरच्या गालिच्यासाठी वेगळं अस्तर येतं, दाबलेल्या फेल्टचं आणि बऱ्यापैकी ताठ. ते गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी इंचभर आत कापायचं. शिवाय सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर घ्या, समोरच्या कडेवर जड टेबल ठेवा. दोन्हीकडून दाबला गेला की सुरकुती फारशी येत नाही. खालचं कार्पेट आखूड लवेचं असेल तरच हे नीट जमतं. जाड, भुसभुशीत कार्पेटवर पातळ गालिचा अंथरूच नये असं माझं मत आहे.

पण बाबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर तो अजिबात नको, अस्तर घातलं तरी नको. दुहेरी मऊ थरात काठीचं टोक रुततं आणि कडेला पाय अडखळतो.

आणि लाल सुती म्हणालात म्हणून सांगते. आधी पांढरं ओलं कापड गालिच्यावर जोराने घासून बघा. माझ्या मरून गालिच्यावर कुंडीतलं पाणी झिरपलं, मला दोन दिवस कळलंच नाही. खालच्या कार्पेटवर उमटलेला गुलाबी डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

पायघडी:
धागादोरांशी सहमत. एक भर: महिन्यातून एकदा गालिचा उचलून खालीही व्हॅक्यूम फिरवा. दोन थरांमध्ये बारीक रेती साठते आणि दोन्हींचे धागे कातरते. कार्पेट लोकरीचं असेल तर अशा अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी कसर लागते. खिडकीजवळ असेल तर उन्हाने भोवतालचं कार्पेट फिकं होतं आणि गालिच्याखालचा चौकोन गडद राहतो. घर सोडताना ते लगेच दिसतं.

उंबरठा:
लव खिडकीकडेच झुकलेली निघाली! कापडही घासून पाहिलं, चांगलंच गुलाबी झालं. मग जमिनीवरून काढलाच. वरच्या कडेला मागून कापडी पट्टी शिवली, तिच्यात दांडी ओवली आणि सोफ्यामागच्या भिंतीवर टांगला. बाबांची वाट मोकळी झाली, आणि आईचा गालिचा आता दारातूनच दिसतो.